मधे नदी आहे, मॅडम

मी एकदा संशोधनासाठी दोन गावं निवडली, आणि लेकी लग्न होऊन सासरी जातात, बाळंतपणाला माहेरी येतात, एवढंच नेमकं विसरले.

विसरणारी कोण, तेही सांगते. उभी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेली सिस्टर. नवी पेशंट आली की "माहेरी आलीयेस की सासरहून?" हा प्रश्न रोज विचारणारी. स्वतःच्या दोन्ही बाळंतपणांना माहेरी जाऊन, आईच्या हातचे डिंकाचे लाडू खाऊन, ब्लाउज उसवून घ्यायची वेळ आणून परत आलेली. आणि ज्या दिवशी या बाईनं त्या दोन गावांची निवड पक्की केली, त्या दिवशी तिची स्वतःची लेक शेजारच्या खोलीत कॉटवर पाय पसरून भाजलेल्या शेंगा खात होती. कशासाठी आली होती? बाळंतपणासाठी. कुठं? माहेरी.

माझी नात आता तिसरीत आहे. परवा तिनं विचारलं, "आजी, तू शाळेत हुशार होतीस का गं?" मी म्हटलं, "होते की. हुशार नसते तर एवढी मोठी चूक जमली असती का?" तिला ते पटलं नाही. तुम्हाला पटतं का बघा.

पन्नाशी जवळ आली की बायका भिशी लावतात, सहलीला जातात. मी एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला. सरकारी नोकरीतल्या सिस्टरांना शिकायला पाठवतात, मुदत ठरलेली असते, आणि त्या मुदतीत परीक्षा आणि प्रबंध दोन्ही उरकावं लागतं. उरकलं तर नर्सिंगच्या शाळेत शिकवायची जागा मिळण्याची शक्यता होती. नाही उरकलं तर पुन्हा वॉर्ड, पुन्हा नाइट ड्यूटी. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. जिना चढताना मी आणि ते, दोघंही आवाज करायचो. म्हणजे ज्ञानाची तहान वगैरे होतीच, पण खरं सांगायचं तर मला बसायला खुर्ची हवी होती.

आमच्या मेट्रन म्हणाल्या, "जा बाई जा. आमच्यात कुणीतरी शहाणं होऊ दे."

त्या बोलण्यात टोमणा होता. तो मला रिटायर झाल्यावर कळला.

प्रबंधाला गाइड लागतो. माझ्या वाट्याला आली ती माझ्याच वॉर्डात शिकून गेलेली पोरगी. फर्स्ट इयरला असताना मी तिला पलंगाची चादर घालायला शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे छळलं होतं. चादरीवरची सुरकुती तिनं ब्लँकेटखाली लपवली, आणि मी ब्लँकेट उचलून बघितलं. पुढचं नंतर सांगते. आता ती पीएच.डी. झालेली, डोळ्यांना चष्मा, टेबलावर नावाची पाटी. मी तिच्या केबिनच्या दारात फाइल धरून उभी.

"या सिस्टर, बसा."

मी उभीच.

"बसा हो. तुम्ही उभ्या असलात की मला अजून वाटतं, आता चादर तपासणार."

मी बसले. ती मला सिस्टर म्हणायची, मी तिला मॅडम. पहिले काही दिवस "मॅडम" म्हणताना माझा घसा खरवडायचा. मग सवय झाली. ती मात्र पहिल्या दिवसापासून मला "अहो" म्हणत होती, आणि माझं लिखाण तपासताना लाल पेन वापरत होती. मी तिची पहिलीच विद्यार्थिनी. ही गोष्ट मला पुढे महागात पडणार होती आणि तिलाही, पण तेव्हा मला वाटलं, चला, नवी आहे, फार ताणणार नाही.

विषय ठरला नवजात बाळाची घरी घ्यायची काळजी. यात मला कुणी शिकवायला नको होतं. बाळाला पहिलं दूध द्यायचं, ते पिवळट चिकाचं दूध फेकायचं नाही. मध, गुटी, पाणी काही चाटवायचं नाही. नाळेला हळद नाही, राख नाही, तेल नाही, ती कोरडी ठेवायची. जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालायची नाही. टोपडं घालायचं, आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून धरायचं. बाळ दूध ओढेना, पाय गार पडले, धाप लागली तर दवाखाना गाठायचा. एवढंच.

संशोधनाची रीतही सोपी होती. एका गावातल्या गरोदर बायका आणि ओल्या बाळंतिणी घ्यायच्या, त्यांना प्रश्न विचारायचे, मग शिकवायचं, काही आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. दुसऱ्या गावातही दोनदा प्रश्न विचारायचे, पण मधे शिकवायचं नाही. न शिकवलेल्या गावाला म्हणायचं कंट्रोल. शिकवलेलं गाव पुढे गेलं आणि कंट्रोल होतं तिथंच राहिलं, म्हणजे शिकवण्याचा उपयोग झाला. सगळं संपल्यावर कंट्रोललाही शिकवायचं, हे वचन आधीच लेखी द्यावं लागतं. मॅडमनं वर एक अट घातली. "आजारी मूल दिसलं तर अभ्यास गेला चुलीत. आधी दवाखाना."

"ते मला सांगायला हवं का?" मी म्हटलं.

"सांगायला हवं नाही. लिहायला हवं."

गावं मी शोधली. शेवगावच्या बाजूला, कपाशी आणि बाजरीचा मुलूख. दोन्ही सारख्याच आकाराची, दोन्हीकडे शेतकरी घरं, दोन्हीकडे आशाताई. आणि दोन्हींच्या मधून नकाशावर एक निळी रेघ जात होती. मला त्या रेघेचा फार आनंद झाला.

मॅडमनं विचारलं, "दोन्ही गावांचा एकमेकांशी संपर्क नाही ना? एका गावात सांगितलेलं दुसऱ्या गावात गेलं तर सगळं मुसळ केरात."

"मधे नदी आहे, मॅडम."

कॉलेजच्या समितीपुढं विषय मांडताना एका सरांनी तेच विचारलं. मी तेच उत्तर दिलं, आणि यावेळी नकाशा वर करून दाखवला. मधे नदी आहे, सर. सरांनी मान डोलावली. मी खाली बसताना पदर असा सावरला, की जणू नदी मीच आणून सोडली होती.

नदी कसली! पावसाळ्यातले चार दिवस सोडले तर नुसती वाळू. त्या वाळूतून बैलगाडी जाते, मोटारसायकल जाते, वरात जाते. वरातीचं तर सांगूच नका.

शिकवण्यासाठी बाहुली लागणार होती. ती माझ्या लेकीनं बसल्या बसल्या शिवली. जुन्या ब्लाउजचं अंग, आत कापूस, डोळ्यांच्या जागी बटणं, आणि नाळ म्हणून परकराची नाडी. रोज दुपारी मी त्या बाहुलीवर सराव करायचे आणि लेक पहिली विद्यार्थिनी व्हायची. तिचं सासर नेवाशाकडं. मी स्वयंपाकघरात गेले की ती मोबाईलवर जावेला सगळं ऐकवायची. "अगं वहिनी, आमची आई म्हणते आंघोळ लगेच घालायची नाही... हो... नाडी नाही गं, नाळ!" मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे आणि खूष व्हायचे. लेक माहेरी बसून सासरी ज्ञान पाठवतेय, हे कानांनी ऐकत होते. डोक्यापर्यंत गेलं नाही. मधे नदी असावी.

पहिल्या गावात वर्ग भरला तो मारुतीच्या देवळाच्या मंडपात. बायका आधी लाजल्या. बाहुली पिशवीतून बाहेर काढल्यावर एक म्हातारी म्हणाली, "आगं बया! आनि ह्याचा बाप कोन?"

दुसरी म्हणाली, "सिस्टरला काय इचारती? बाप कवा हजर असतो का?"

मग लाज गेली. पुढे सगळ्यांनी बाहुलीला पाळीपाळीनं छातीशी धरून दाखवलं. पहिल्या रांगेत एक हसऱ्या तोंडाची मुलगी बसली होती, मांडीवर ताजं बाळ. तिचे प्रश्न संपेचनात. टोपडं उन्हाळ्यातबी घालायचं का? नाळेला काईच लावायचं न्हाई म्हंजी खोबरेल बी न्हाई? असली विद्यार्थिनी मिळाली की शिकवणाऱ्याला चढते. मला चढली.

शेवटी ती म्हणाली, "सिस्टर, हे समदं मला पटलं. पन माझ्या सासूला कोन सांगनार? तिच्या डोक्यात राख बसलीया, बाळाच्या नाळंला लावायची."

सगळ्या हसल्या. मी मात्र पुढाऱ्यासारखा हात वर केला आणि म्हणाले, "तू सांग! शिकलेल्या बाईनं दुसऱ्या बाईला सांगितलं पाहिजे!"

टाळ्या पडल्या. तुझी सासू राहते कुठं, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या गावात, म्हणजे कंट्रोलमध्ये, शाळेच्या व्हरांड्यात बसून नुसते प्रश्न विचारायचे होते. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड दिवस. "नाळेला काय लावता?" "हाळद." मी लिहून घ्यायचं आणि गप्प बसायचं. "पहिलं दूध?" "पिळून टाकायचं, जड असतं ते." गप्प बसायचं. जिनं जन्मात कुणाचं चुकीचं उत्तर खपवून घेतलं नाही ती बाई जीभ दातांत धरून बसली होती. आशाताईनं विचारलं, "सिस्टर, दात दुखतोय का?" मी म्हटलं, "हो."

तिथं काही सुना यादीत होत्या पण हजर नव्हत्या. कारण विचारलं तर कळलं, "म्हायेरी गेल्यात, बाळंतपनाला." मी स्वच्छ अक्षरात तसं लिहिलं. पुढे पहिल्या गावात पुन्हा प्रश्न विचारायला गेले तेव्हा तिथल्याही काही लेकी गायब. "सासरी गेल्या." तेही तितक्याच स्वच्छ अक्षरात लिहिलं. त्यात माझी पहिल्या रांगेतली मुलगीही होती, तिची तर मला आठवणही आली. ही दोन कारणं एकमेकांना आतुर होऊन हाका मारत होती. मी त्या दोन्हींच्या मधे बसून डबा खात होते.

पहिल्या गावाचे निकाल फार छान आले. राख गेली, हळद गेली, टोपडी आली. मी मॅडमला फोन करून सांगितलं, "आता कंट्रोल झालं की संपलं."

कंट्रोल खरोखरच मला संपवायला बसलं होतं.

दुसऱ्या गावात त्याच व्हरांड्यात पहिल्या बाईला विचारलं, "नाळेला काय लावता?"

"काईच न्हाई. कोरडी ठिवायची."

मला वाटलं, चुकून बरोबर आलं. दुसरीला विचारलं. कोरडी. तिसरीला विचारलं, "पहिलं दूध?" ती म्हणाली, "ते तर सोनं हाय, सिस्टर." हे वाक्य माझं. देवळाच्या मंडपात मीच हात हलवून हलवून म्हटलं होतं, त्या हाताच्या हलवण्यासकट तिनं ते मला परत केलं. पुढची तर मी प्रश्न पुरा करायच्या आधीच म्हणाली, "पाय गार पडलं की दवाखाना!"

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" मी विचारलं. आवाज बहुतेक मोठा झाला असावा, कारण सगळ्या दचकल्या.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ओळाकलं न्हाई का, सिस्टर?"

पहिल्या रांगेतली मुलगी. बाळ टोपडं घालून पदराआड छातीशी, आणि काखेत गुंडाळी केलेला टॉवेल. त्या टॉवेलला मध्यावर नाडी बांधलेली.

"तू इथं कशी?"

"म्हंजी? माझं सासरच हाय हे. ते माहेर हुतं." मग ती कौतुकाच्या अपेक्षेनं पुढं झाली. "तुमी म्हन्ला हुता ना, तू सांग म्हनून? मी समद्यांना सांगितलं. आळीतल्या, पल्याडच्या वस्तीवरच्या, समद्या. सासूला तर तीनदा टॉवेल धरून दाखवला. आत्या, सांगा की!"

एक म्हातारी पुढं आली. राखवाली सासू हीच. ती शाळेतल्या पोरीसारखी हात बांधून म्हणाली, "नाळंला काई लावायचं न्हाई. आन ही लई छळती ओ सिस्टर."

सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण माझा प्रबंध तिथंच व्हरांड्यात आडवा पडला होता. दोन्ही गावं सारखीच पुढे गेली होती. फरक शून्य. म्हणजे माझ्या कागदावरून असं सिद्ध होत होतं, की सिस्टरनं शिकवलं काय आणि न शिकवलं काय, सारखंच.

ती मुलगी माझ्या तोंडाकडे बघून घाबरली. "काई चुकलं का, सिस्टर? टॉवेल चालत न्हाई का?"

"चालतो गं," मी म्हटलं. "छान चालतो." दुसरं काय म्हणणार?

घरी आले. लेक कॉटवर. मी पिशवीतून बाहुली काढून टेबलावर आपटली आणि सगळी कहाणी सांगितली. ती शेंग फोडता फोडता थांबली.

"आई, मी इथं कशाला आलेय?"

"बाळंतपणाला."

"आणि नंतर कुठं जाणार?"

मी बाहुली उचलून परत पिशवीत घातली. ती पोट धरून हसली, इतकी, की मलाच भीती वाटली, आता हिला घेऊन वॉर्डात पळावं लागतंय. आमचे हे दारातून म्हणाले, "मी म्हणणार होतो, पण तू नकाशा घेऊन बसली होतीस." हा माणूस आयुष्यभर सगळं नंतर म्हणणार होता.

हसू ओसरल्यावर हिशेब सुचला. नवं गाव शोधून पुन्हा सगळं करायला वेळ नव्हता. शिक्षणाची मुदत संपत आली होती, प्रबंध दाखल करायची तारीख ठरलेली. डोळ्यांसमोर नाइट ड्यूटीचा जिना दिसायला लागला. आणि मग या विदुषीला एक युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी ती घेऊन मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

आधी जे घडलं ते सांगितलं. ती ऐकत होती, चष्मा काढून हातात धरून. मग मी म्हटलं, "मॅडम, ती मुलगी आणि तिच्या आळीतल्या बायका गाळल्या तर आकडे बरे येतील. वस्तीवरच्याही गाळू."

"गाळायचं कारण काय लिहाल?"

"गैरहजर."

"गैरहजर होत्या?"

"एवढ्या हजर बायका मी जन्मात पाहिल्या नाहीत," मी कबूल केलं.

ती हसली नाही. चष्मा चढवला. "सिस्टर, मी फर्स्ट इयरला चादरीची सुरकुती ब्लँकेटखाली लपवली होती. तुम्ही काय केलंत?"

"ब्लँकेट काढलं."

"आणि?"

"चादरही काढली."

"सगळ्या वॉर्डासमोर," ती म्हणाली. "पेशंटच्या नातेवाइकांसमोर. आणि पुन्हा घालायला लावली."

मी फाइल मिटली. ती पुढे म्हणाली, "तुम्ही माझ्या पहिल्या विद्यार्थिनी आहात. प्रबंध परत आला तर दोघींचा येईल. तरी जे झालं तेच लिहायचं. आणि अजून एक काम करायचं. परत त्या गावात जा, प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा, हे तुला कुणी सांगितलं?"

"आणि त्याचं काय करायचं?"

"ते उत्तरं आल्यावर बघू. आधी समितीची परवानगी घेते. यावेळी नदीचं मी काही बोलणार नाही."

मी परत गेले. वचन दिल्याप्रमाणे बाहुलीही नेली, शिकवायला. पण शिकवायला उरलं होतं काय? बायकांनी बाहुली बघितली आणि टॉवेलच बरा म्हणाल्या, धुता येतो. मग मी एकेकीला विचारत बसले. जावेनं सांगितलं. नणंदेनं सांगितलं. पिठाच्या गिरणीवर ऐकलं. बाजाराला जाताना जीपमध्ये बसले होते, पुढच्या बाईनं सांगितलं. एकीनं ठणकावलं, "मला कुनी न्हाई सांगितलं. मला आदीपासनंच म्हाईत हुतं." मागच्या वेळी हळद म्हणणारी हीच. तेही मी तिच्या शब्दांत लिहिलं. प्रत्येक वाट मागं मागं नेली की शेवटी त्याच मोजक्या लेकींपाशी पोचायची, ज्या बाळंतपणाला वाळू ओलांडून माहेरी गेल्या होत्या आणि बाळ घेऊन परत आल्या होत्या. कागदावर मी बाणांनी ते काढलं तर दोन गावांच्या मधे नदी दिसेचना, इतके बाण.

त्या दिवसांत एका सकाळी लेकीला कळा सुरू झाल्या आणि माझ्याच वॉर्डात नात झाली. माझ्या जुन्या मैत्रिणींनी बाळाला आंघोळ घातली नाही, टोपडं घातलं आणि लेकीच्या छातीशी दिलं. मी बाहेर बाकावर बसून प्रबंधाचं चौथं प्रकरण तपासत होते, म्हणजे तसं दाखवत होते. कागद उलटा होता, असं आमचे हे म्हणतात. नंतर म्हणतात, अर्थातच.

चौथ्या प्रकरणात लिहिलं, फरक आढळला नाही. पाचव्यात लिहिलं, का आढळला नाही. मॅडमनं लाल पेनानं तीन वेळा खोडलं. "तुम्ही फार रडवेलं लिहिताय. 'दुर्दैवाने' हा शब्द काढा. दुर्दैव नाही, चूक आहे. चूक लिहा." मी चूक लिहिली.

मग व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक आले, दुसऱ्या जिल्ह्यातले, आवाज घंटेसारखा. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं पेन लालच होतं, पण टोपण लावलेलं.

"तुमचं गृहीतक सिद्ध झालं का?"

"नाही, सर."

"मग इतके दिवस केलं काय?"

"चुकीची गावं निवडली, सर. आणि ती चुकीची का, ते शोधलं."

त्यांनी पानं उलटली. बाणांच्या चित्रापाशी थांबले.

"हे निवडताना कुणाच्या लक्षात आलं नाही?" ते मॅडमकडे बघत म्हणाले.

मॅडम पुढे आल्या. "मी विचारलं होतं, सर. उत्तर मिळालं ते तपासलं नाही. ती माझी चूक आहे."

हे मला अपेक्षित नव्हतं. ज्या मुलीची चादर मी भर वॉर्डात ओढली होती, ती माझ्या अंगावर पांघरूण घालत होती. मी घाईनं म्हणाले, "नाही सर, त्या विचारत होत्या, मी नदी सांगत होते."

"नदी?"

"मधे नदी आहे, सर."

"पाणी असतं तिला?"

"पावसाळ्यात. चार दिवस."

परीक्षकांच्या शेजारी बसलेल्या आमच्या प्राचार्यबाईंनी रुमाल तोंडाला लावला. परीक्षक मात्र गंभीर. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे, सर."

"बाळंतपणाला कुठं होती?"

"माझ्याकडेच, सर. अजून आहे."

मग तेही हसले, आणि घंटेसारखा आवाज असल्यामुळे ते बाहेर कॉरिडॉरपर्यंत ऐकू गेलं. त्यांनी सांगितलं, शेवटच्या प्रकरणात एक पान वाढवा, असलं शिक्षण द्यायचं तर माहेरी आलेल्या लेकींना धरून कसं देता येईल ते लिहा, आणि मग दाखल करा. मी विचारलं, "म्हणजे सर, पास?" ते म्हणाले, "पान लिहा आधी." प्राचार्यबाईंनी मान हलवली. मान वरखाली हलली होती, ते मी नीट बघून घेतलं.

बाहेर आले. कॉलेजच्या मागच्या टपरीवर मी दोन चहा सांगितले. मॅडम आल्या आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर बाकावर मोकळेपणानं बसल्या. मी आभार मानायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. लेकीचा फोन. व्हायवाचं विचारायला केला असेल म्हणून मी स्पीकरवर टाकला, तर ती म्हणाली, "आई, वहिनी विचारतेय, आमच्या नणंदेच्या जावेलाही बाहुली शिवायचीय, नाळ म्हणून नाडी जाड घ्यायची का बारीक?"

मी "नंतर" म्हणून फोन ठेवला. मॅडम चहाचा घोट घेऊन हसत होत्या. कप खाली ठेवला आणि म्हणाल्या,

"सिस्टर, तुमच्या मुलीचं सासर नेमकं कुठलं ते सांगून ठेवा. पुढच्या विद्यार्थिनीला ते गाव कंट्रोल म्हणून द्यायला नको."